फॅन डायरेक्ट करू का?

"फॅन डायरेक्ट करून टाकतो, बॅटरीवरून सरळ वायर, दहा मिनिटांत मोकळे व्हाल," मामा गिऱ्हाइकाला म्हणाले.

"मामा, थांबा की जरा. तो बंद का पडला ते तरी बघू," भाची म्हणाली.

इथून जो वाद सुरू झाला तो दुपारपर्यंत चालला. मामांचं गॅरेज खंबाटकी घाट उतरल्यावर, सुरूर फाट्याच्या अलीकडे हायवेला लागून आहे. पुण्याकडून साताऱ्याला निघालेल्या गाड्या घाट चढून येतात. उलट दिशेच्या बोगद्यातून जातात. म्हणून मामांकडे येणाऱ्या तापलेल्या गाड्या बहुतेक सगळ्या गावाकडे निघालेल्या. मे महिना, शनिवारची सकाळ, पुढे पहिल्या गिअरवर चाललेला कंटेनर, गाडीत पाच माणसं आणि डिकीभर सामान, एसी फुल. अशा वेळी रेडिएटरचा पंखा बंद असेल तर काटा वर जायला फार वळणं लागत नाहीत. मामा कार्बुरेटरच्या जमान्यापासून या धंद्यात आहेत. भाचीने डिप्लोमा केलाय, पुण्यात एका सर्व्हिस सेंटरला कामाला आहे आणि सुट्टीला आली की मामांच्या गॅरेजात हात काळे करते. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे. पंख्याच्या बाबतीत मात्र एकमत नाही.

मामांचा गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न होता, "चालत्यावर तापते का उभ्यावर?"

माझ्या मते अर्धी तपासणी या एका प्रश्नात होते. गाडी ताशी पन्नास-साठच्या पुढे असली की समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो. पंखा बंद असला तरी कळतसुद्धा नाही. पंख्याची गरज सिग्नलला, टोलच्या रांगेत, लग्नाच्या वरातीमागे अडकल्यावर. म्हणून हायवेला काटा जागेवर आणि रांगेत वर, तर पंख्याकडे बघायचं. उलट ऐंशी-नव्वदच्या वेगाला काटा चढत असेल तर पंख्याच्या नादी लागण्यात अर्थ नाही. तिथे पाणी कमी असेल, रेडिएटर चोक असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल किंवा वॉटर पंप गेला असेल. घाट मात्र फसवतो, कारण तिथे वेगही कमी आणि इंजिनावर लोडही जास्त. घाटातल्या लक्षणावरून निदान करू नये.

गिऱ्हाईक म्हणालं, खेड शिवापूरच्या टोलला रांगेत होतो तेव्हा एसी गरम हवा द्यायला लागला. पुढे रस्ता मोकळा मिळाल्यावर परत गार झाला. काटा चढला तो घाटात.

"ऐकलंत?" भाची म्हणाली. "गाडीने टोलवरच सांगितलं होतं. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. पंखा बंद म्हणजे उभ्या गाडीत कंडेन्सरला वारा नाही, गॅसचं प्रेशर चढतं, गारवा जातो. काटा हलायच्या आधी एसी बोलतो. बहुतेक छोट्या गाड्यांत एसी लावला की थोड्या वेळात पंखा फिरायलाच हवा, इंजिन थंड असलं तरी. ही तपासणी कुणालाही घरी करता येते. गाडी सुरू करा, एसी लावा, बोनेट उघडून लांबून बघा."

"लांबून" हा शब्द ती जोर देऊन म्हणाली, आणि तो जोर योग्य आहे. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही पंखा आपणहून सुरू होतो. ओढणी, बाही, गळ्यातला रुमाल, घड्याळाचा पट्टा, काहीही त्याच्या आसपास नको. पंख्याला हात लावायचा तर आधी बॅटरीचं मायनस टर्मिनल काढायचं. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही. ते झाकण आतलं प्रेशर धरून ठेवतं. ०.९ बारचं झाकण असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलं की प्रेशर पडतं, त्यातल्या काही पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि वाफेबरोबर उकळतं पाणी तोंडावर येतं. घाटात बाटलीभर पाणी हातात घेऊन झाकणाशी झटणारी माणसं दिसली की मामा रस्ता ओलांडून ओरडत जातात. याबाबतीत मामा-भाचीत वाद नाही.

वाद आहे तो पुढे.

"आमच्या पद्मिनीला असली नाटकं नव्हती," मामा म्हणाले. "अँबेसेडरला नव्हती. फॅन वॉटर पंपाच्या पुलीवर, वर एक पट्टा. इंजिन फिरलं की फॅन फिरला. त्याला ना सेन्सर विचारायचा ना रिले. पट्टा तुटला तर दिसतो, सैल झाला तर ओरडतो. या छोट्या गाड्या आल्या आणि फॅनला परवानग्या लागायला लागल्या."

"मामा, परवानगी हौसेने नाही घातली. पद्मिनीचं इंजिन उभं, त्याचं तोंड रेडिएटरकडे. मारुती ८०० आली १९८३ च्या डिसेंबरात, तिचं इंजिन आडवं. पुली बाजूच्या चाकाकडे बघते, रेडिएटर समोर. पट्ट्यावर पंखा बसवणार कसा? मग विजेचा पंखा आला. फियाटनेच १९६९ मध्ये १२८ या गाडीला आडव्या इंजिनाबरोबर तो दिला होता. आणि तुमच्या पट्ट्याच्या पंख्याचा दोष सांगू? गाडी रांगेत उभी, इंजिन हळू फिरतंय, म्हणजे पंखाही हळू. वारा सगळ्यात जास्त हवा तेव्हा सगळ्यात कमी. आणि हायवेला गरज नसताना जोरात. विजेचा पंखा बरोबर उलटं करतो."

मामा यावर काही बोलले नाहीत. जुन्या गाड्या टोलनाक्यावर तापायच्या हे त्यांनीही पाहिलेलं आहे.

इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पंखा बिघडला असं आपण ज्याला म्हणतो त्यात बऱ्याचदा पंखा निर्दोष असतो. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेतला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग पाण्यातून बाहेर काढावा लागतो. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जातं. ९५ ते १०० च्या आसपास पंख्याची पाळी येते. पंख्याला स्वतःला उष्णता कळत नाही. ती कळते सेन्सरला. सेन्सर इसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगतो, इसीएम रिलेला, रिले फ्यूजमधून आलेला करंट मोटरकडे सोडतो, आणि मोटरला अर्थ मिळाला तर ती फिरते. या साखळीत कुठेही कडी तुटली तरी बाहेरून दिसतं एकच, की पंखा उभा आहे. तेव्हा पहिला प्रश्न असा हवा की पंखा गेलाय, का त्याला कुणी हुकूमच दिला नाही?

हुकूम न जाण्याचं सगळ्यात साधं कारण सगळ्यात जास्त विसरलं जातं. पाणी कमी असणं. सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच त्याला पाण्याचं तापमान कळतं. पातळी खाली गेली किंवा आत हवा धरली, की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन उकळत असताना कमी आकडा सांगत राहतो. काटा खाली, पंखा बंद, आणि हेड गॅस्केट उडायच्या बेतात. अशा गाडीचा पंखा बदलून काय होणार? म्हणून भाची इंजिन थंड झाल्याशिवाय आणि पातळी बघितल्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नाही. पातळी कमी असेल तर पाणी गेलं कुठे, हा वेगळा आणि जास्त महत्त्वाचा शोध सुरू होतो.

या गाडीत पातळी ठीक होती. कूलंटही होतं, बोअरचं क्षारांचं पाणी नव्हतं. भाचीने स्कॅनर लावला. ९८ अंश, ९९, १००. इसीएमला उष्णता कळत होती आणि पंख्याचा हुकूम स्क्रीनवर "ऑन" दाखवत होता. पंखा उभाच.

"काटा मधे आहे म्हणून लोक निवांत राहतात," ती म्हणाली. "आताच्या बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दामच एका जागी धरलेला असतो, थोडं वरखाली झालं तरी हलत नाही. काहींत काटाच नाही, नुसता लाल दिवा. म्हणून खरा आकडा बघायचा."

"आणि ज्याच्याकडे हे यंत्र नाही त्याने काय करायचं?"

"त्याने सेन्सरचा कपलर काढायचा, इंजिन चालू असताना. सेन्सर तुटला असं इसीएमला वाटतं आणि बहुतेक गाड्यांत ते सुरक्षेसाठी पंखा सुरू करून टाकतं. पंखा फिरला तर मोटर, रिले, वायर सगळं चांगलं, संशय सेन्सरवर. दिवा लागेल, कोड बसेल, तो नंतर पुसता येतो."

"आमच्या वेळी रेडिएटरच्या खालच्या टाकीत थर्मोस्विच होता. दोन वायरी एकमेकींना लावल्या की फॅन फिरायचा. तेच झालं की हे."

"तेच झालं."

मला हे फार आवडलं. एकाच्या हातात वायर आणि दुसरीच्या हातात स्क्रीन, पण दोघंही साखळी मधेच तोडून विचारतायत की बिघाड अलीकडे आहे का पलीकडे. बिघाड शोधण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. टोकापासून एकेक भाग बदलत जाणाऱ्याचा वेळ जातो आणि गिऱ्हाइकाचे पैसे जातात. मधोमध तोडणाऱ्याचं निम्मं काम एका तपासणीत संपतं.

पुढची तपासणी रिलेवर. भाचीने रिले उपसला, हॉर्नचा तसाच रिले त्या जागी लावून पाहिला, फरक नाही. मग सॉकेटमधल्या ३० आणि ८७ या दोन घरांत जाड वायरचा तुकडा घातला. म्हणजे इसीएम, सेन्सर, रिले सगळे बाजूला ठेवून सरळ मोटरला करंट. (हे रिलेवर चालणाऱ्या साध्या पंख्यालाच करायचं. नव्या काही गाड्यांत पंख्याचा वेग ठरवणारं मोड्यूल असतं, तिथे अशी वायर घालू नये.) पंखा फिरला नाही. फ्यूज शाबूत. म्हणजे बिघाड रिलेच्या पलीकडे, मोटरच्या बाजूला. तिने मोटरचा कपलर काढला आणि मल्टीमीटरच्या दोन पिना त्यात लावल्या. १२.३ व्होल्ट.

"करंट येतोय, मोटर फिरत नाही. मोटर गेली. असेंब्ली बदलावी लागेल," ती म्हणाली. सर्व्हिस सेंटरला इथे काम संपतं. पार्ट मागवायचा, जुना काढायचा, नवा बसवायचा.

मामांनी मान हलवली. बॅटरीवरून दोन वायरी आणल्या आणि थेट मोटरच्या पिनांना टेकवल्या. पंखा घुर्र करून फिरला.

"आता बोल. तुझं मीटर म्हणतं करंट येतोय. माझी वायर म्हणते मोटर चालू आहे. मग मघाशी का फिरला नाही?"

भाची गप्प बसली. मामा आत गेले आणि एक जुना हेडलाइटचा बल्ब घेऊन आले. त्याला दोन वायरी झाळलेल्या होत्या. ५५ वॉटचा बल्ब, साडेचार अँपिअरच्या आसपास करंट ओढणारा. तो त्यांनी कपलरला लावला. बल्ब लागला, पण भर दुपारी नीट दिसेना इतका मंद, तांबूस. तो तसाच लावून ठेवून भाचीने पुन्हा मीटर धरलं. १२.३ चे ७ झाले होते.

कपलरपर्यंत १२ व्होल्ट "दिसणं" आणि १२ व्होल्ट "मिळणं" यातला फरक इथे आहे. मीटर जवळजवळ काहीच ओढत नाही, त्यामुळे वायरचा एक केस जरी जोडलेला असला तरी ते पूर्ण आकडा दाखवतं. नळाच्या तोंडावर बोट दाबून धरलं तर गंजलेल्या पाइपमधूनही पाण्याचा जोर पूर्ण जाणवतो. बोट काढलं की करंगळीएवढी धार. पंख्याला दहा-बारा अँपिअर लागतात, सुरू होताना त्याहून बरेच जास्त. मधे अर्ध्या ओहमचा जरी अडथळा असला तरी दहा अँपिअरला पाच व्होल्ट तिथेच जळतात. म्हणून पंख्यासारख्या मोठ्या लोडची वायर नुसत्या मीटरने तपासू नये. लोड लावूनच तपासावी. हे भाचीला पुस्तकातून माहीत होतं, हे तिने नंतर स्वतःच सांगितलं. रोजच्या घाईत ते बाजूला पडतं.

आता ती पेटली. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी कपलरच्या प्लस घरात. मधे पाच व्होल्ट गायब. मग दुसरी पिन कपलरच्या मागे, वायर आत शिरते तिथे टोचली. तिथे काहीच गायब नाही. म्हणजे वायर निर्दोष आणि अर्थही निर्दोष. अडथळा कपलरच्या आत, अर्ध्या इंचात. तिने टॉर्च मारला. पांढऱ्या प्लास्टिकला एका घराभोवती चहाच्या डागासारखा तपकिरी रंग चढलेला, आतली पितळी पिन काळी आणि सैल, प्लास्टिक एका कडेला वितळून पिनेवर आलेलं. नखाने खरवडल्यावर जळक्याचा वास आला.

"सापडलं," मामा म्हणाले. "कपलर कापतो, वायर सरळ मोटरच्या वायरला जोडतो. झाळून, टेप मारून. कपलरच नाही तर जळणार काय?"

"पिन जळली का, मामा?"

"अगं, जुनी झाली. धूळ, पाणी. सैल पडली की तापते."

"असेल. पण जास्त करंट गेला तरीही तापते."

तिने नवा कपलर लावला. जुनी वायर दोन इंच मागे, तांबं चकचकीत दिसेपर्यंत कापली. पंखा सुरू केला आणि वायरवर क्लॅम्प मीटर धरलं. १६ अँपिअर. एवढ्या पंख्याला दहा-अकरा पुरे होते. बॅटरीचं टर्मिनल काढून मामांनी पातं हाताने फिरवलं. चांगली मोटर हलक्या हाताने फिरते. आतल्या चुंबकांचे बारीक धक्के बोटाला लागतात, तेवढे चालतात. हे पातं एका जागी अडकत होतं आणि खरखरत होतं. मामांनी काही न बोलता मोटर सोडवायला घेतली. उघडल्यावर मागचा बुश कोरडा ठणठणीत निघाला, कार्बन झिजून पाव इंचही उरले नव्हते, आणि कार्बनची काळी भुकटी सगळीकडे.

म्हणजे गोष्ट अशी होती. बुश कोरडा पडला, मोटर जड झाली, जास्त करंट ओढायला लागली, कपलरची पिन तापली, तापून सैल झाली, सैल झाल्यावर आणखी तापली आणि एका टोलनाक्यावर पंखा थांबला. नुसता कपलर बदलला असता तर तो पुन्हा जळला असता. नुसती असेंब्ली बदलली असती तर नवी कोरी मोटर जुन्या जळक्या कपलरवर बसली असती आणि ती फिरली नसती, किंवा काही दिवस फिरून थांबली असती. आणि डायरेक्ट केलं असतं तर?

"डायरेक्ट केलं असतं तर फिरला असता," मामा म्हणाले.

"फिरला असता, मान्य. मग एक दिवस बुश धरला असता. अडकलेली मोटर फिरणाऱ्या मोटरच्या कितीतरी पट करंट ओढते. तुमच्या डायरेक्ट वायरीत फ्यूज असतो का मामा, खरं सांगा."

मामांनी खरं सांगितलं. कधी असतो, कधी नसतो.

या प्रश्नावर मी पूर्णपणे भाचीच्या बाजूचा आहे. बॅटरीवरून बिनफ्यूजची वायर पंख्याला नेणं ही गाडी पेटवायची सोय आहे, आणि तिला जुगाड म्हणून कौतुक करण्याची सवय आपण सोडायला हवी. डायरेक्टवर लोक दुसरे आरोप करतात ते मात्र तितके खरे नाहीत. पंखा सतत फिरला की इंजिन थंड राहून ॲव्हरेज मरतं, असं म्हणतात. थर्मोस्टॅट जागेवर असेल तर तसं होत नाही. पाणी थंड झालं की तोच दार लावून घेतो. सतत फिरण्याचा अल्टरनेटरवरचा भार शे-दीडशे वॉटचा. खरं नुकसान वेगळं आहे. कार्बन आणि बुश कितीतरी आधी झिजतात. चावी बंद करूनही पंखा चालू राहिला तर सकाळी बॅटरी झोपलेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सेन्सर, रिले, वायर यात जे बिघडलंय ते तसंच झाकलं जातं. पुढच्या मेकॅनिकला ती गाडी काहीच सांगू शकत नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकणाऱ्यांचं तर काय सांगावं! हा डायरेक्टचा सख्खा भाऊ. इंजिन नीट तापतच नाही, इसीएम ते थंड समजून जास्त पेट्रोल सोडतं, ते ऑइलमध्ये उतरतं. काही इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती बायपासचा रस्ता बंद करते. ती नसली की गरम पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतं आणि तापू नये म्हणून केलेल्या उपायाने गाडी जास्त तापते. मामा हे काम कधीच करत नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

मामांची बाजू पण नीट ऐकण्यासारखी आहे. "रात्री दहा वाजता घाटात गाडी बंद पडलेली असते," ते म्हणाले. "आत म्हातारी माणसं, पोरं. रिले मिळणार सोमवारी. अशा वेळी मी काय तपासण्या करत बसू? फॅन फिरवून देतो, कराडला पोचा म्हणतो. चुकलं का?"

"नाही चुकलं," भाची म्हणाली. "पण तेव्हा फ्यूज घालायचा, करंट बॅटरीवरून न घेता चावीवर चालणाऱ्या रिलेतून घ्यायचा, आणि गिऱ्हाइकाला कागदावर लिहून द्यायचं की हे घरी पोचण्यापुरतं आहे. तुम्ही तोंडी सांगता. तो घरी पोचतो आणि विसरतो. सहा महिन्यांनी तीच गाडी माझ्याकडे येते, पंख्याला काळी टेप गुंडाळलेली."

"आणि तुमच्याकडे आली की तुम्ही त्याला हजारोंची असेंब्ली लावता. कार्बन आणि बुश मिळून किती रुपये लागतात?"

"आमच्याकडे मोटर उघडत नाहीत, मामा. कार्बन वेगळे मागवताच येत नाहीत. आणि उघडून बसवलेल्या मोटरची गॅरंटी कोण देणार?"

"मी देतो."

मामा मोटरच्या दुरुस्तीबद्दल बोलतात तेव्हा मला ते बरोबर वाटतात. खंडोबाच्या यात्रेला वर्षातून एकदा निघणाऱ्या कुटुंबाला असेंब्लीचा खर्च जड आहे, आणि बुश-कार्बन बदललेली मोटर नीट बसवली तर वर्षानुवर्षं चालते. पण इथे एक अट आहे. बुशाचं घरच झिजून शाफ्ट डगमगत असेल, आर्मेचरचं कम्युटेटर जळून खड्डे पडले असतील, तर दुरुस्तीचा हट्ट धरू नये. त्या मोटरवर घाट चढू नये. या मोटरचं कम्युटेटर साफ केल्यावर तांबूस, गुळगुळीत निघालं. भाचीने ते बोटाने फिरवून बघितलं आणि म्हणाली, "हिची होईल." साताऱ्याहून बुश आणि कार्बन आणायला पोरगा मोटारसायकलवर गेला.

तोवर दोघांचं बाकीच्या लक्षणांवर बोलणं झालं. त्यातलं एक इथे द्यावंसं वाटतं, कारण ते भल्याभल्यांना चकवतं. दोन पंखे असलेल्या काही गाड्यांत कमी वेगासाठी दोन्ही मोटरी एकापाठोपाठ एक जोडल्या जातात, म्हणजे प्रत्येकीला सहा-सहा व्होल्ट मिळतात; जास्त वेगाला रिले बदलून दोघींना पूर्ण बारा. अशा गाडीत एक मोटर गेली की कमी वेगाला दोन्ही पंखे बंद पडतात. माणूस म्हणतो, दोन्ही एकदम कशा जातील, इसीएमच गेलं असणार! आणि इसीएमचा खर्च पंख्याच्या कितीतरी पट. दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांत कमी वेगाचा करंट एका रेझिस्टन्समधून येतो. तो जळला की कमी वेग जातो, पंखा एकदम १०५ च्या आसपास विमानासारखा ओरडत सुरू होतो, आणि लोक म्हणतात पंखा छान जोरात चाललाय.

मोटर जुळून आली. मामांनी वायरी जोडल्या, पंखा फिरला. भाचीने वर्तमानपत्राचा एक कागद जाळीसमोर धरला. कागद जाळीला चिकटायला हवा होता. तो उडून तिच्याकडे आला.

"उलटा फिरतोय, मामा."

प्लस-मायनस बदलले होते. मोटर उलटी फिरते, आवाज तोच, दिसतं सगळं ठीक. पण वारा इंजिनाकडून पुढे ढकलला जातो आणि गाडी चालायला लागली की समोरच्या वाऱ्याशीच भांडतो. मोटर उघडल्यावर किंवा डायरेक्ट करताना ही चूक हमखास होते, आणि पंखा फिरत असल्यामुळे महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. रेडिएटरच्या मागे बसवलेल्या पंख्याला हा कागद लावून बघितल्याशिवाय काम संपलं असं समजू नये. वायरी बदलल्या. कागद जाळीला चपकन चिकटला. क्लॅम्प मीटरवर साडेदहा अँपिअर.

गिऱ्हाईक पैसे काढायला लागलं. भाचीने थांबवलं. एसी बंद करून गाडी उन्हात उभी चालू ठेवायची, पंखा आपणहून सुरू व्हायला हवा, आपणहून बंद, आणि पुन्हा सुरू. हे दोनदा बघितल्याशिवाय गाडी सोडायची नाही असं तिचं म्हणणं. एकदा सुरू होणं पुरेसं नाही. बंद झाला नाही तर रिले चिकटलाय.

पंखा ९७ ला लागला, ९१ ला थांबला. पुन्हा ९७ ला लागला.

मग बिलाचा वाद. मामांनी लिहिलं : कपलर, बुश, कार्बन, मजुरी. भाचीने खाली एक ओळ वाढवली : बिघाड शोधणे.

"याचे पैसे कोण देतं?" मामा म्हणाले. "पार्ट दाखवला की लोक देतात. शोधायचे मागितले की म्हणतात, तुम्ही नुसतं बघितलंत."

"म्हणून तर तुम्ही डायरेक्ट करता आणि आम्ही असेंब्ली बदलतो. दोघांनाही शोधायचे पैसे मिळत नाहीत."

गिऱ्हाइकाने ती ओळ वाचली आणि विचारलं, किती लावलेत? मामा-भाचीने एकमेकांकडे बघितलं. दोघांपैकी कुणालाच आकडा सांगता येईना. शेवटी भाचीने मजुरीएवढाच लिहिला, मामांनी तो खोडून निम्मा केला, आणि गिऱ्हाइकाने खोडलेला आकडाच दिला.